उघडलेले व्हेप पुन्हा जोडावे का?

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी सिगारेट सोडली आणि तेव्हापासून वापरून फेकून द्यायचे व्हेप (निकोटिनचे लिक्विड तापवून त्याची वाफ देणारी ई-सिगारेट) ओढतो. गेल्या आठवड्यात एक व्हेप आत लिक्विड शिल्लक असतानाच बंद पडले, म्हणून मी ते पकडीने उघडले. आत चार्ज होऊ शकणारी बॅटरी निघाली, फक्त चार्जिंगची सोय तेवढी दिलेली नाही. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर माझ्याकडे आहेत आणि या कामाची आवडही आहे. मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर कापून थेट बॅटरीला डाग द्यावा, जमल्यास जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला मोठा सेल बसवावा आणि लिक्विड तापवणारी तार, म्हणजे कॉइल, मित्राकडची ०.२ ओहमची लावावी, म्हणजे वाफ भरपूर येईल, असा विचार आहे. हवेचे भोकही थोडे मोठे करणार आहे. बहिणीची तीन वर्षांची मुलगी आमच्याकडेच असते, म्हणून हे काम रात्री ती झोपल्यावर करतो. यात माझे काही चुकते आहे का?
– एक वाचक

उत्तर : स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातली मूळ तक्रार रास्त आहे, ती आधी मान्य करतो. पुन्हापुन्हा चार्ज होऊ शकणारी बॅटरी एकदा वापरून कचऱ्यात टाकायला लावणे हा निव्वळ अपव्यय आहे. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी अशा टाकाऊ व्हेपमधल्या बॅटऱ्या काढून प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा त्या शेकडो वेळा चार्ज होऊनही चांगले काम देतात, असे त्यांना आढळले आणि २०२३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा व्हेपच्या विक्रीवर बंदी आणली, तिच्यामागेही हा कचरा हे एक मोठे कारण होते. तेव्हा व्हेप उघडल्यावर तुम्ही जे ओळखलेत ते बरोबरच आहे. मात्र ती बॅटरी चार्ज होऊ शकते हे एक विधान झाले आणि ती तुमच्या वायरने, तुमच्या टेबलावर सुरक्षितपणे चार्ज होईल हे अगदी वेगळे विधान झाले.

चारही बदल करू नका आणि उघडलेले ते व्हेप पुन्हा जोडून तोंडाला लावू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला या कामाची समज आहे असे पत्रावरून दिसते, म्हणून नुसते ‘धोका आहे’ असे म्हणून न थांबता कारणे आकड्यांनिशी मांडतो.

आधी टेबलावर नेमके काय पडले आहे ते पाहू. एका बाजूला बॅटरी आहे, दुसऱ्या बाजूला लिक्विडने भिजलेला कापूस किंवा स्पंज आहे, त्याच्या मधून गेलेल्या बारीक नळीत कॉइल आणि वात आहे. तळाशी करंगळीच्या नखाएवढी एक गोल डबी दिसेल. ती पाहून बहुतेकांना जुन्या फोनमधला माइक आठवतो. आपण ओढ घेतली की नळीतला हवेचा दाब उतरतो, डबीतला पडदा तो बदल ओळखतो आणि कॉइलला वीज मिळते. पण या डबीचे काम तेवढ्यावर संपत नाही. ओढ फार लांबली, म्हणजे साधारण आठ-दहा सेकंदांच्या पुढे गेली, की तिच्यातली चिप वीज तोडते. शॉर्ट झाले तरी तोडते. आणि बॅटरीचे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली उतरले की यंत्र बंद पाडते. लिक्विड शिल्लक असताना तुमचे व्हेप थांबले ते बहुधा या शेवटच्या कारणाने. ते बिघडले नव्हते. डबी राखण करत होती. तुम्ही योजलेले बदल पाहिलेत तर लक्षात येईल, की त्यांतला प्रत्येक बदल एकतर या राखणदाराला वळसा घालून जातो किंवा त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे त्याच्यावर टाकतो.

चार्जरचेच घ्या. आपण ज्याला मोबाइलचा चार्जर म्हणतो तो खरे तर चार्जर नसतोच; तो ५ व्होल्ट पुरवणारा साधा ठोकळा असतो आणि खरा चार्जर मोबाइलच्या पोटात बसलेला असतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज ४.२ होते, आणि चार्जिंग तिथे, जेमतेम ०.०५ व्होल्टच्या फरकात, थांबावे लागते. मोबाइलमधले सर्किट आधी मोजका प्रवाह सोडते, ४.२ गाठल्यावर व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करत आणते आणि शेवटी बंद करते. वायर कापून थेट सेलला जोडली की हे सगळे मधून निघून जाते आणि ५ व्होल्ट सेलवर येऊन बसतात. मर्यादेपलीकडे भरलेल्या सेलमध्ये ऋण पट्टीवर धातुरूप लिथियम साचू लागते, धन पट्टीतला पदार्थ ऑक्सिजन सोडू लागतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने हीच क्रिया आणखी वेग घेते. एकदा हे चक्र सुरू झाले की वायर उपटूनही ते थांबत नाही.

यात आणखी एक मेख आहे. पूर्ण उतरून तसाच बराच काळ पडून राहिलेला सेल, म्हणजे ज्याचे व्होल्टेज २.५ च्या बरेच खाली गेले आहे असा, आतून बदललेला असतो. त्याच्या ऋण पट्टीमागचे तांब्याचे पान थोडेथोडे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट करू शकते. असा सेल मल्टिमीटरवर काही काळ अगदी निरोगी दिसतो. यावर तुम्ही म्हणाल, की चार्जिंगचे तयार छोटे सर्किट विकत मिळते, ते मधे बसवले तर? अशी बरीचशी सर्किटे मुळात १ अँपिअरने चार्ज करण्यासाठी लावलेली येतात, आणि लहान व्हेपमधला सेल पुष्कळदा ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा असतो. म्हणजे सेलच्या कुवतीच्या दुप्पट वेगाने आपण त्याच्यात वीज कोंबत असतो. ते बदलता येते हे मला ठाऊक आहे. पण अनोळखी सेलला नेमका किती प्रवाह मानवतो हे ज्या कागदावर छापलेले असते, तो कागद तुमच्याकडे नाही.

लॅपटॉपमधल्या सेलचा विचार तर मनातून काढूनच टाका. त्या पॅकमध्ये बहुधा १८६५० प्रकारचे सेल असतात. हा आकडा म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. ते बेताचा प्रवाह तासन्‌तास देण्यासाठी घडवलेले असतात, क्षणात मोठा झटका देण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर नजर ठेवणारे सर्किट पॅकमध्ये असते, सेलमध्ये नसते, त्यामुळे पॅक फोडून काढलेला सेल उघडाबोडका असतो. असा सेल हातात घेऊन एकदा बारकाईने पाहा. वरची छोटी टोपी तेवढी धन असते आणि बाकीचा अख्खा डबा, तळापासून वरच्या गळ्यापर्यंत, ऋण असतो. दोघांमध्ये एक पातळ चकती आणि कागदासारखे प्लास्टिकचे वेष्टन एवढाच काय तो आडोसा. पॅकमधून उचकटताना ते वेष्टन गळ्यापाशी नखाएवढे जरी फाटले, तरी धातूच्या नळीत सेल सरकवताना शॉर्ट होण्यास तेवढे पुरते. मोकळा सेल किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात ठेवल्याने लोकांच्या मांड्या भाजतात, त्या याच कारणाने.

सेलला थेट डाग देण्याबद्दल स्वतःचाच अनुभव सांगतो, कारण तो माझ्याच अडाणीपणाचा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टॉर्चसाठी मी अशाच सेलच्या तळाला वायर जोडायला बसलो. तळाचे पोलाद उष्णता भराभर ओढून घेत होते आणि कथील काही धरेना, म्हणून मी आयर्न टेकवून ठेवले. वीस-पंचवीस सेकंद तरी झाले असतील. तेवढ्यात टोपीच्या बाजूने बारीक शिटीसारखा आवाज आला, गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास सुटला आणि सेल हातात धरवेना. तो पेटला नाही, ते नशीब. कारखान्यात सेलला निकेलच्या पट्ट्या जोडतात त्या क्षणार्धाच्या विजेच्या ठिणगीने, आयर्नने नव्हे, हे मला त्यानंतर कळले.

आता कॉइल, तुमच्या बेतातला सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो. गणित साधे आहे. ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप; ते जितके कमी तितका प्रवाह जास्त. तुमच्या व्हेपमधली मूळ कॉइल १.२ ओहमच्या आसपासची असेल असे धरू. पूर्ण भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट भागिले १.२, म्हणजे ३.५ अँपिअर, आणि ताकद सुमारे १५ वॅट. त्याच जागी ०.२ ओहमची कॉइल लावली की ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर, आणि ताकद ८८ वॅट. बोटाएवढ्या सेलकडून सहापट प्रवाह मागितला जातो. राखणदार डबी मधे असेल तर ती एकतर पुरवठा तोडेल किंवा स्वतःच जळेल. आणि ती काढून साधे बटण लावाल तर सेल आणि कॉइल यांच्यामध्ये कोणीच उरणार नाही. मल्टिमीटरने कॉइल मोजून खात्री करून घेईन असेही तुमच्या मनात आले असेल. घरगुती मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून पाहा: काटा किंवा आकडा शून्यावर न राहता बहुधा ०.२ ते ०.५ ओहम दाखवेल, कारण तेवढा रोध त्याच्या तारांतच असतो. ज्या मोजपट्टीचा स्वतःचा दोष मोजायच्या वस्तूएवढा आहे, तिच्या भरवशावर २१ अँपिअरचा निर्णय घेता येत नाही.

कॉइलचा दुसरा परिणाम विजेचा नाही, निकोटिनचा आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वापरून फेकायच्या व्हेपमधले लिक्विड मुद्दाम कडक ठेवलेले असते, कारण ते थोड्या वॅटवर, थोडीशीच वाफ करून ओढायचे असते. युरोपीय संघात त्याची मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. इतरत्र ५० मिलिग्रॅमचेही लिक्विड मिळते. ज्यांच्या यंत्रात ०.२ ओहमची कॉइल असते ते लोक सहसा ३ किंवा ६ मिलिग्रॅमचे लिक्विड भरतात, कारण त्यांच्या एका ओढीत लिक्विडच कितीतरी जास्त जळते. ते कडक लिक्विड या कॉइलवर टाकलेत तर एका ओढीत निकोटिनची मात्रा काही पटींनी वाढेल. चक्कर, मळमळ, तोंडाला पाणी सुटणे, छाती धडधडणे ही त्याची लक्षणे. दीड वर्षापूर्वी सिगारेट सोडून तुम्ही जे कमावले आहे ते या वाटेने हळूहळू हातचे जाईल, ही काळजी मला आगीच्या काळजीहून कमी वाटत नाही.

डाग देण्याविषयी अजून एक गोष्ट. नेहमीचे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. लिक्विडमधले प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते आणि ग्लिसरीन २९० अंशांना, म्हणजे कॉइल आपले काम सोल्डरच्या वितळबिंदूच्या वर राहूनच करते. कॉइलच्या टोकांना दिलेला डाग तिथे टिकणार नाही आणि शिसे व फ्लक्स यांचा धूर ज्या हवेत मिसळेल ती हवा तुम्ही फुप्फुसांत ओढून घ्याल. तार बदलण्याचे मनात असेल तर त्यातही तेच: जस्ताचा मुलामा असलेली साधी तार तापली की त्या धुराने थंडी-ताप भरतो, आणि वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला परिचयाचा आहे.

हवेच्या भोकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ओढ ओळखणारी डबी ठरावीक दाबाच्या फरकावर चालते; भोक मोठे केले की ती कधी चालणार नाही आणि कधी भलत्याच वेळी चालेल. लिक्विड झिरपून तिच्यात गेले तर खिशात असताना, कोणी ओढत नसतानाही कॉइल तापू लागते.

वात कोरडी पडणे हा मात्र दुर्लक्ष करण्याजोगा विषय नाही. कॉइल जेवढी वाफ करू पाहते तेवढे लिक्विड वातीने वेळेवर पोहोचवले पाहिजे. १५ वॅटसाठी बनवलेली वात ८८ वॅटला पुरी पडत नाही. मग कापूस करपतो आणि ग्लिसरीन फुटून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलीन ही घशाला आणि फुप्फुसांना जाळणारी द्रव्ये तयार होतात. समईत तेल संपल्यावर वात जशी काजळी धरते, तसेच हे आहे. फरक एवढाच, की इथे ती काजळी श्वासात जाते. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एकाच यंत्रावर ३.३ आणि ५ व्होल्ट देऊन तुलना केली, तेव्हा फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे ५ व्होल्टला मिळाली, ३.३ व्होल्टला मिळाली नाहीत. ५ व्होल्टला करपट चव येते आणि माणूस तेवढे ओढणारच नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो वाजवी आहे. पण हौसेने स्वतः बनवलेले यंत्र माणूस करपट चव सोसूनही ‘जरा सेटिंग करून पाहू’ म्हणत ओढत राहतो, हेही मी पाहिले आहे.

तुम्ही विचारले नाही, पण व्हेप उघडणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की आत घरचे काही मिसळून भरले तर? तेल तर कधीच नको. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या गंभीर आजाराची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली आणि मृत्यू ६८ झाले. त्यांतल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली काडतुसे ओढली होती, आणि त्या अर्कात भर म्हणून घातलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट द्रव्य मुख्य कारण ठरले. पोटात गेले तर पचणारा पदार्थ फुप्फुसात गेला तर पचत नाही.

हे सारे क्वचितच घडते, असे वाटत असेल तर अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली काढलेला अहवाल पाहण्यासारखा आहे. २००९ ते २०१६ या काळात प्रसारमाध्यमांत आलेले व्हेपच्या आगी-स्फोटांचे १९५ प्रसंग त्यात मोजले आहेत आणि त्यांत १३३ माणसांना इजा झाल्या. वापरणाऱ्यांची संख्या पाहता हा आकडा मोठा नाही, हे कबूल केले पाहिजे. पण त्या अहवालाने ध्यानात आणून दिलेली एक बाब तुमच्या कामाशी थेट निगडित आहे: लांबट नळीत बसवलेल्या सेलमध्ये दाब वाढला की सर्वांत कमजोर भाग नळीचे टोक असतो, त्यामुळे ते टोक किंवा आतला सेल गोळीसारखा बाहेर फेकला जातो. २०१८ साली फ्लोरिडात एका माणसाचा मृत्यू असाच, व्हेपचा तुकडा कवटीत घुसून झाला. पकडीने उघडून पुन्हा दाबून बसवलेली नळी कुठे आणि किती दाबाने सुटेल, हे बनवणाराही सांगू शकणार नाही.

तुमच्या हाताला काम हवे आहे, हे मला समजते. त्यासाठी उघडण्यासाठीच बनवलेली यंत्रे असतात: ज्यांची कॉइल फिरवून काढता येते, टाकी धुता येते आणि ज्यांच्यात रोध मोजून वॅट ठरवणारे सर्किट असते. अशा यंत्रात त्याच्यावर लिहिलेल्या ओहमच्या मर्यादेतली कॉइल लावणे, पाच-दहा मिनिटे वात लिक्विडमध्ये मुरू देऊन मगच पहिली ओढ घेणे, सेल आणि टाकी यांच्यामधला चिकट थर कोरड्या कापसाने पुसणे, वेष्टन फाटलेला सेल बाद करणे आणि सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवणे, एवढी देखभाल घरी अवश्य करावी. सर्किट नसलेल्या, नुसत्या नळी आणि बटणाच्या यंत्रांच्या वाटेला मात्र जाऊ नका. तुमच्यासारख्या हौशी माणसाला नेमकी तीच आधी मोहात पाडतात. आणि हात शिवशिवतातच, तर सोल्डरिंग आयर्न एखाद्या जुन्या रेडिओवर चालवा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

राहता राहिले टेबलावर पडलेले व्हेप. ते आज रात्रीच, तुमची भाची उठण्याआधी आवरा. ओल्या स्पंजमध्ये उरलेले एक-दोन मिलिलिटर लिक्विड तीन वर्षांच्या मुलीच्या जिवावर बेतू शकते, आणि त्याला फळाचा गोड वास येत असल्याने ते तोंडात जाण्याची शक्यता अधिक असते. निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते, म्हणून हातमोजे घाला. बॅटरीच्या तारा कापायच्या असतील तर एका वेळी एकच कापा. दोन्ही तारा एकदम कात्रीत घेतल्यात तर कात्रीच शॉर्ट करेल. कापलेल्या प्रत्येक टोकाला लगेच चिकटपट्टी गुंडाळा. सेल फुगलेला, चेपलेला किंवा ओला दिसला तर त्याला टोचू नका, दाबू नका. कोरड्या वाळूने भरलेल्या धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात तो घराबाहेर, पाऊस-ऊन लागणार नाही आणि जवळ पेट घेणारे काही नसेल अशा जागी ठेवा. धूर आला तर तो धूर विषारी असतो, म्हणून जवळ जाऊ नका आणि घरातल्या सर्वांना लांब न्या. सेल साध्या कचऱ्यात टाकू नका, कारण कचऱ्याच्या गाडीत तो चिरडला की तिथे आग लागते. बॅटऱ्या परत घेणाऱ्या केंद्रावर द्या. स्पंज आणि कॉइल घट्ट झाकणाच्या डबीत बंद करून मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि सेलसोबतच ती डबीही तिथे द्या. टेबल साबणाच्या पाण्याने पुसा, पुसायचे फडके टाकून द्या, आणि खाली फरशीवर एखादा थेंब सांडला आहे का, ते गुडघ्यांवर बसून पाहा.